राणीने राज्य केले म्हणजे नेमके काय केले?

रामबागवाली, इंदूर

नमस्कार. माझी पुतणी आठवीत आहे. अहिल्योत्सवाच्या निमित्ताने तिच्या शाळेत तक्त्यांचे प्रदर्शन आहे आणि तिच्या वाट्याला ‘राज्यकर्त्या स्त्रिया’ हा विषय आला आहे. तिने मोठ्या पांढऱ्या कार्डशीटवर पाच रकाने आखले: नाव, देश, पद, कधीपासून कधीपर्यंत आणि एकूण वर्षे. त्यात अहिल्याबाई होळकर 28, इंदिरा गांधी दोन्ही वेळा मिळून 15 च्या आसपास, मार्गारेट थॅचर 11, सिरिमावो बंदरनायके तिन्ही वेळा मिळून साडेसतरा आणि राणी एलिझाबेथ दुसरी 70 असे आकडे तिने भरले. शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत पाहून तिने लाल स्केचपेनने तळाशी लिहून टाकले की सर्वांत मोठी राज्यकर्ती राणी एलिझाबेथ होय.

माझ्या सासऱ्यांनी चष्मा लावून तो तक्ता वाचला आणि विचारले, “अहिल्याबाईंच्या पंक्तीला या बाई कशा काय बसल्या?” पुतणीने लगेच उत्तर दिले, “आजोबा, त्यापण राणीच होत्या ना? आणि पंतप्रधान तर त्यांच्याच हाताखाली असतो.” यावर सासरे हसले आणि मी गप्प बसले, कारण तिचे म्हणणे चूक आहे एवढे मला कळत होते, पण कुठे चूक आहे ते चार वाक्यांत सांगता येत नव्हते. राजवाड्यासमोरच्या अहिल्याबाईंच्या पुतळ्यावरून आमचे रोजचे जाणे-येणे आहे. पण त्या बाईंनी ‘राज्य केले’ म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत काय केले आणि लंडनच्या राणीने काय केले, हे शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते. या तक्त्यात कोणता रकाना राहून गेला आहे, एवढे कृपया जाणकारांनी सांगावे.


लष्करकर, ग्वाल्हेर

ताई, राहिलेला रकाना खजिना, फौज आणि शिक्का कोणाच्या हाती होता याचा आहे. आपल्याकडच्या संस्थानी इतिहासात या तीन गोष्टी ज्याच्या हाती तोच राज्यकर्ता. गादीवर कोण बसले होते हे पुष्कळदा वेगळेच असते.

अहिल्याबाईंचेच उदाहरण घ्यावे. पती खंडेराव 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले, सासरे मल्हारराव 1766 मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी मुलगा मालेरावही गेला. त्या वेळी दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचा आग्रह होता की एखादे मूल दत्तक घेऊन गादीवर बसवावे, म्हणजे कारभार आपोआप दिवाणाकडे आला असता. राघोबादादांचीही त्यांना साथ होती. बाईंनी ते मानले नाही. इतर मराठा सरदारांना पत्रे गेली, थोरल्या माधवरावांनी पुण्याहून बाईंच्या बाजूने कौल दिला, फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे आली आणि महेश्वरी बसून दौलतीचा, म्हणजे राज्याचा, कारभार बाईंनी 1795 पर्यंत स्वतः पाहिला.

यात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. होळकरांकडे दौलत वेगळी आणि ‘खासगी’ वेगळी होती. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे 1734 मध्ये पेशव्यांकडून सुमारे तीन लाख रुपये वार्षिक उत्पन्नाची खासगी जहागीर मिळाली होती, तिचा हिशेब दौलतीपासून स्वतंत्र असे आणि गौतमाबाईंनंतर ती अहिल्याबाईंकडे आली. काशीपासून रामेश्वरापर्यंत देवळे, घाट, विहिरी आणि अन्नछत्रे उभी राहिली त्यामागे हा हक्काचा पैसा होता. ज्या काळात इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जने 1760 मध्ये राजघराण्याच्या जमिनींचे उत्पन्न सरकारजमा करून त्याबदली पार्लमेंटकडून ठरावीक वार्षिक रक्कम घेण्याचे मान्य केले, त्याच काळात माळव्यातल्या एका विधवेकडे स्वतःचा खजिना होता, ही तुलना तुमच्या पुतणीला नक्की सांगावी.

आमच्या ग्वाल्हेरचे उदाहरण मात्र दुसऱ्या बाजूचे आहे. दौलतराव शिंदे 1827 मध्ये वारले, बायजाबाईंनी जनकोजींना दत्तक घेतले आणि त्यांच्या नावाने कारभार हाती ठेवला. बाई हिशेबाला पक्क्या होत्या. काशीतल्या ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडप त्यांनीच 1828 मध्ये बांधवला. पण जनकोजी मोठे होऊ लागले, इंग्रजांनी राजा म्हणून त्यांनाच मानले आणि 1833 मध्ये फौज जनकोजींच्या बाजूला गेली तेव्हा बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. होळकरांच्या तुळसाबाईंचे तर त्याहून वाईट झाले. त्याच नावाच्या पुढच्या, वयाने लहान मल्हाररावांच्या वतीने त्या कारभार पाहत होत्या आणि महिदपूरच्या लढाईच्या आदल्या दिवशी, डिसेंबर 1817 मध्ये, त्यांच्याच लष्करातील लोकांनी क्षिप्रेकाठी त्यांचा शिरच्छेद केला. अधिकार दुसऱ्याच्या नावाने चालवणाऱ्या बाईचा पाया किती ठिसूळ असतो, ते यावरून दिसते.


दांडियाबाजार, बडोदे

लष्करकरांचे संस्थानी विवेचन मान्य आहे. मी लंडनच्या राणीपुरते लिहितो, कारण मुलीचा मूळ घोटाळा तिथे आहे. “पंतप्रधान राणीच्या हाताखाली असतो” हे कागदावर अगदी खरे होते. पंतप्रधानाची नेमणूक राणी करत असे, कायद्याला संमती राणी देत असे, पार्लमेंटचे अधिवेशन राणी उघडत असे आणि त्या वेळी ती जे भाषण वाचत असे त्यात ‘माझे सरकार’ असा उल्लेख असे. मात्र ते भाषण मंत्रिमंडळाने लिहून दिलेले असे. कायद्याला संमती नाकारण्याचा शेवटचा प्रसंग राणी ॲनच्या काळात 1708 मध्ये घडला, म्हणजे बाळाजी विश्वनाथांना पेशवाई मिळण्याच्याही आधी. त्यानंतर आजतागायत एकाही राजाने किंवा राणीने तो अधिकार वापरलेला नाही. उरते ते एवढेच की पंतप्रधानाने सल्ला विचारावा, राणीने धीर द्यावा, इशारा द्यावा, आणि दर आठवड्याच्या भेटीत काय बोलणे झाले ते बाहेर कोणाला कळू नये.

एलिझाबेथ यांनी 70 वर्षांत 15 पंतप्रधान पाहिले, त्यांपैकी थॅचर, थेरेसा मे आणि लिझ ट्रस या तीन स्त्रिया. ट्रस यांची नेमणूक राणीने 6 सप्टेंबर 2022 रोजी बालमोरल येथे केली आणि दोनच दिवसांनी राणीचे निधन झाले. वयाच्या 97 व्या वर्षात काठी टेकून उभे राहून नव्या पंतप्रधानाशी हस्तांदोलन करणाऱ्या त्या वृद्धेचे छायाचित्र मला आजही आठवते. तरी नेमायचे कोणाला हा निर्णय तिचा नव्हता, तो हुजूर पक्षाच्या सभासदांनी मतदान करून आधीच दिलेला होता.

दुसरे असे की राजघराण्यात राणी असणे आणि राजकारणात स्त्रिया पुढे येणे यांचा संबंध लोक समजतात तितका सरळ नाही. नेदरलँड्समध्ये 1890 ते 2013 अशी सलग 123 वर्षे विल्हेल्मिना, युलियाना आणि बिआट्रिक्स या तीन राण्या झाल्या. मात्र त्या देशाला आजवर एकही स्त्री पंतप्रधान लाभलेली नाही. जपानमध्ये याच्या उलट आहे. तिथे 1947 च्या राजघराण्याच्या कायद्याप्रमाणे सिंहासन केवळ पुरुषांना मिळते, त्यामुळे सम्राट नारुहितो यांची एकुलती एक कन्या त्यावर बसू शकत नाही, पण ऑक्टोबर 2025 मध्ये सानाए ताकाइची पंतप्रधान झाल्या. गंमत अशी की अहिल्याबाईंनी कारभार हाती घेतला त्या 1767 साली जपानच्या सिंहासनावर एक सम्राज्ञीच होती. स्वीडनने 1975 पासून अमलात आलेल्या घटनेने राजाकडून पंतप्रधान सुचवण्याचे कामही काढून घेऊन ते सभापतींना दिले. थोडक्यात, मुकुटावरून कारभाराचा अंदाज बांधू नये.

आमच्या बडोद्याचे एक नाव जाता जाता सुचवतो: जमनाबाई. गादी त्यांची नव्हती. पण मल्हारराव गायकवाडांना 1875 मध्ये पदच्युत केल्यावर दत्तक घेण्याचा मान खंडेराव गायकवाडांच्या या विधवेला मिळाला आणि नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ सयाजीराव झाला. शाळा, ग्रंथालये आणि 1906 पासून सक्तीचे प्राथमिक शिक्षण हे सारे त्यानंतरचे.


रामबागवाली, इंदूर

दोघांचेही आभार. पुतणीला वाचून दाखवले. तिने एलिझाबेथ यांचे नाव खोडायला पट्टी घेतली आहे. मी थांबवून ठेवले आहे. खोडू द्यावे का?


नंदलालपुरा, इंदूर

खोडू देऊ नये. वरच्या दोन्ही उत्तरांत माहिती उत्तम आहे, पण निकष थोडे घाईने ठरवले आहेत असे मला वाटते.

प्रथम शिक्क्याविषयी. 25 जून 1975 च्या रात्री आणीबाणीच्या उद्घोषणेवर सही राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांची होती, निर्णय पंतप्रधान इंदिरा गांधींचा होता आणि मंत्रिमंडळाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी कळला. सहीच्या रकान्यात पाहिले तर त्या रात्री देश राष्ट्रपती चालवत होते असे लिहावे लागेल. खुद्द अहिल्याबाईंच्या हुकुमांवर ‘श्री शंकर’ अशी मुद्रा असे. राज्य शंकराचे, आपण कारभारी, असा त्यांचा भाव होता. म्हणून आपण शंकराला तक्त्यात घालणार नाही. आणि सध्याचे पाहायचे असेल तर लांब जाण्याची गरज नाही. आपल्या मध्य प्रदेशात पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांना आहेत, आणि कित्येक गावांत सही सरपंच बाईंची तर खुर्चीवर ‘सरपंचपती’ असतात. सावेरकडच्या एका गावी मी नामांतरणाच्या कामासाठी गेलो असता बाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या, सही केली, शिक्क्याची डबी पतीकडे परत दिली आणि आत गेल्या; दहा मिनिटांचे काम होते, त्यात त्यांना कोणी एक शब्द विचारला नाही.

आता नाममात्र राणीविषयी. एरवी निरुपयोगी वाटणारे पद संकटात कामाला येते. जर्मन सैन्य 1940 च्या मे महिन्यात नेदरलँड्समध्ये शिरले, राणी विल्हेल्मिना आणि मंत्रिमंडळ लंडनला गेले, आणि पंतप्रधान द गेअर हिटलरशी तडजोडीची भाषा करू लागले तेव्हा या घटनात्मक राणीने त्यांना पद सोडायला लावून खेरब्रांडी यांना आणले. चाळीसहून अधिक वर्षे केवळ सह्या करणारी बाई ऐन वेळी सरकार बदलते, हे कोणत्या रकान्यात घालायचे? उलट बेनझीर भुट्टो यांच्या मागे 1988 ची निवडणूक होती, पण आठव्या घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्षांना संसद बरखास्त करण्याचा अधिकार दिलेला होता आणि त्याच्या जोरावर 1990 मध्ये एकदा व 1996 मध्ये पुन्हा त्यांना घरी पाठवले गेले.

माझ्या मते मुलीच्या तक्त्यातले सर्वांत मोलाचे नाव सिरिमावो बंदरनायके यांचे आहे, आणि नेमके तेच तिने एका ओळीत गुंडाळले आहे. जुलै 1960 मध्ये त्या जगातल्या पहिल्या स्त्री पंतप्रधान झाल्या, तेव्हा सिलोनची राष्ट्रप्रमुख एलिझाबेथच होती आणि तिच्या वतीने गव्हर्नर जनरल बसत. त्या 1970 मध्ये दुसऱ्यांदा आल्या आणि 1972 ची नवी घटना करून त्यांनी राजपदच काढून टाकले. देशाचे नाव श्रीलंका झाले, गव्हर्नर जनरलच्या जागी राष्ट्राध्यक्ष आला, पण कारभार पंतप्रधानाकडेच राहिला. पुढे जयवर्धने यांनी 1978 च्या घटनेने सारी सत्ता राष्ट्राध्यक्षाकडे नेली. त्यामुळे 1994 मध्ये सिरिमावो तिसऱ्यांदा पंतप्रधान झाल्या तेव्हा त्यांची नेमणूक करणाऱ्या राष्ट्राध्यक्ष त्यांच्याच कन्या चंद्रिका कुमारतुंगा होत्या, मंत्रिमंडळाच्या प्रमुख कन्या होत्या आणि ज्या पदावर बसून आईने एकेकाळी मळे आणि उद्योग सरकारजमा केले, त्या पदाला आता फारसे काम उरलेले नव्हते. बाई तीच, पद तेच, देश तोच, घटना बदलली. आठवीतल्या मुलीला राज्यव्यवस्था शिकवायला याहून सोपे उदाहरण मला तरी माहीत नाही.


लष्करकर, ग्वाल्हेर

सहीविषयीचा आक्षेप मान्य. शिक्का माझ्या यादीतून काढावा. खजिना आणि फौज मात्र मी सोडणार नाही. विल्हेल्मिना यांचा प्रसंग लंडनमध्ये घडला, जिथे पंतप्रधानाच्या मागे ना संसद उरली होती ना फौज, हेही विसरू नये.


रामबागवाली, इंदूर

नंदलालपुराकाका, तुमचे उत्तर वाचून पुतणीने नवी कार्डशीट मागितली आहे. ‘एकूण वर्षे’ हा रकाना तिने स्वतःच काढला आणि त्या जागी ‘निर्णय कोण घेई’ व ‘पदावरून कोण काढू शके’ असे दोन रकाने आखले. सिरिमावो यांना तीन ओळी दिल्यामुळे थॅचर बाई अगदी तळाला, किनारीच्या नक्षीवर गेल्या आहेत. ‘पदावरून कोण काढू शके’ यात थॅचर यांच्यापुढे तिने ‘निवडणूक’ लिहिले आहे. ते बरोबर आहे ना?


दांडियाबाजार, बडोदे

त्यांच्या बाबतीत तसे झाले नाही. थॅचर तिन्ही सार्वत्रिक निवडणुका जिंकल्या. नोव्हेंबर 1990 मध्ये नेतेपदाच्या पहिल्या फेरीत स्वपक्षाच्या खासदारांनी त्यांना पुरेशी मते दिली नाहीत आणि त्यांनी माघार घेतली. तेव्हा ‘स्वपक्षाचे खासदार’ असे लिहावे. आणखी एक दुरुस्ती नवी शीट भरण्यापूर्वी करून घ्यावी: एलिझाबेथ यांच्यापुढे देशाच्या रकान्यात नुसते ‘इंग्लंड’ लिहून भागणार नाही. निधनाच्या वेळी त्या कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया धरून 15 देशांच्या राणी होत्या. बाकीची नावे जागेअभावी गाळली तरी चालतील, पण ‘सिलोन, 1952 ते 1972’ एवढे जरूर लिहावे, म्हणजे सिरिमावो यांच्या पहिल्या ओळीशी जोडणारी रेघ तिला ओढता येईल.