लोकार्नोने पोलंडची सीमा वाऱ्यावर सोडली का?

धागाकर्ता: ऑक्टोबर १९२५ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोकार्नो येथे झालेल्या करारात जर्मनीने फ्रान्स आणि बेल्जियम यांच्याशी असलेली आपली सीमा स्वतःहून मान्य केली आणि ब्रिटन व इटली तिला जामीन राहिले, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया यांना मात्र जर्मनीकडून केवळ लवादाचे करार मिळाले. एका सीमेची हमी देऊन दुसरीबाबत मौन बाळगणे म्हणजे ती बदलता येईल असे कबूल करणेच होय. जर्मन परराष्ट्रमंत्री श्ट्रेझेमान यांनी त्याच सप्टेंबरात माजी युवराजांना लिहिलेल्या पत्रात डान्झिग बंदर, पोलंडला समुद्राशी जोडणारा ‘पोलिश कॉरिडॉर’ हा पट्टा आणि अप्पर सिलेशिया हा कोळशाचा प्रदेश हे आपले लक्ष्य असल्याचे नोंदवले होते. अशा मुत्सद्द्याला पुढच्याच वर्षी शांततेचे नोबेल मिळावे, हे मला आजही खटकते.

प्रतिसाद १: असहमत. सीमा बदलावी असे वाटणे आणि त्यासाठी सैन्य धाडणे यांत मोठे अंतर आहे. श्ट्रेझेमान यांचा मार्ग वाटाघाटींचा होता. १९२६ मध्ये ऑयपेन-माल्मेडी हा प्रदेश बेल्जियमकडून पैसे मोजून परत घेण्याची बोलणीही झाली, ती फ्रान्सच्या विरोधामुळे फिसकटली. शिवाय पूर्वसीमेला कायमची मान्यता देणारे सरकार तेव्हाच्या जर्मनीत एक आठवडाही टिकले नसते.

प्रतिसाद २: सैन्य न धाडताही शेजाऱ्याची कोंडी करता येते, आणि जर्मनीने ती केली. १९२१ च्या सार्वमतात अप्पर सिलेशियातील सुमारे ६० टक्के मते जर्मनीला पडली, तरी प्रदेशाची फाळणी होऊन बहुतेक कोळसा खाणी पोलंडकडे गेल्या. तिथला कोळसा तीन वर्षे जकातीविना घेण्याचे बंधन जून १९२५ मध्ये संपताच जर्मनीने आयात अडवली आणि जकातयुद्ध पेटले, ते थेट १९३४ पर्यंत चालले. म्हणजे लोकार्नोत हस्तांदोलने होत असताना अप्पर सिलेशियातल्या कातोवित्से शहराच्या खाणकामगाराला या धोरणाची झळ बसू लागली होती.

प्रतिसाद १: जकातयुद्धाचा मुद्दा मान्य. पण हमीने काय साधले असते? ७ मार्च १९३६ रोजी हिटलरने लोकार्नो कराराने सैन्यमुक्त ठेवलेल्या ऱ्हाइनलँड या पश्चिम जर्मनीतील पट्ट्यात सैन्य घुसवले, तेव्हा लेखी जामीन राहिलेले दोन्ही देश जागचे हलले नाहीत.

धागाकर्ता: ते खरे आहे, पण तो अनुभव अकरा वर्षांनंतरचा. १९२५ मध्येच एकाकी पडल्याची जाणीव झाल्यामुळे पोलंडने जानेवारी १९३४ मध्ये थेट हिटलरशी दहा वर्षांचा अनाक्रमण करार केला, असे मी मानतो. तो हिटलरने एप्रिल १९३९ मध्ये एकतर्फी मोडला.