मदत हवी आहे: १३९५ सालचा लंडनचा सुतार, राइट की कार्पेंटर?

मंडळी, एक गोष्ट लिहितोय आणि पहिल्याच पानावर गाडी अडलीये. गोष्ट आहे लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलच्या छपराची, म्हणजे दुसऱ्या रिचर्ड राजाने १३९३ साली जे नवीन करायला घेतलं ते. ह्यू हरलँड नावाचा मुख्य सुतार होता, आणि जवळपास ६८ फूट रुंदीचा हॉल मधे एकही खांब न ठेवता त्याने झाकला, भिंतीतून पुढे काढलेल्या आडव्या ओकच्या तुळयांवर कमानी चढवून. हे छप्पर आजही जाग्यावर आहे. माझा नायक त्याच्या हाताखालचा एक पोरगा.

आता हा पोरगा "मी कार्पेंटर आहे" असं सांगतो असं मी लिहिलं होतं तर भाचीने (ती तिकडे लीड्सला असते) वाचून फोन केला की मामा तेव्हा राइट म्हणायचे, कार्पेंटर हा नंतरचा शब्द आहे. म्हणजे राइट बंधूंमधला राइट. मी गुगल करून बघितलं तर डोक्याचा पार भुगा झाला. तर प्रश्न दोन, नक्की कुठला शब्द, आणि मराठीत काय लिहू? "सुतार" लिहिलं की डोळ्यासमोर आमच्या गावचे सुतारकाकाच येतात, बलुतं न्यायला आलेले. अंकाला मजकूर पुढच्या आठवड्यात द्यायचाय, प्लीज जरा लवकर सांगा.

प्रतिसाद १
भाची अर्धी बरोबर आहे. राइट जुना, अगदी अँग्लो-सॅक्सन, म्हणजे सगळ्यात जुन्या इंग्रजीतला, तेव्हाचं रूप "वुर्ख्त" असं काहीसं. पुढे र ची जागा बदलली, आपण नुकसानचं नुसकान करतो ना तसं. पण मुळात त्याचा अर्थ सुतार नाही, नुसता "करणारा, घडवणारा". वर्क शब्दाचाच भाऊ. लाकूडवाला म्हणायचं तर पुढे झाड जोडायचे, "ट्रेओ-वुर्ख्त" म्हणजे झाड-घडव्या. म्हणून तर चाकं करणारा व्हीलराइट, गाड्या करणारा कार्टराइट नाहीतर वेनराइट, जहाजं बांधणारा शिपराइट. आर्कराइट म्हणजे पेट्या-संदुका करणारा, सूतगिरणीवाल्या आर्कराइटचं आडनाव तिथलंच. आणि हो, आपल्याकडे सोसायटीला रॉट आयर्नचं गेट करतात ना, तो रॉट पण याच घरातला, घडवलेलं लोखंड.

कार्पेंटर आला १०६६ नंतर, फ्रान्सकडून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांबरोबर. मूळ लॅटिन "कार्पेंटुम" म्हणजे दोन चाकी गाडी, ती करणारा तो कार्पेंटारिउस. गंमत म्हणजे पॅरिसकडच्या फ्रेंचमधे त्या क चा श झाला, शार्पांतिए, पण नॉर्मंडीवाल्यांनी क तसाच ठेवला म्हणून इंग्रजीत कार्पेंटर. तुमच्या १३९५ पर्यंत हा शब्द लंडनमधे चांगला मुरलेला होता, तेव्हा तुमचं पहिलं वाक्य चुकीचं नव्हतंच.

प्रतिसाद २
याला पुरावा चॉसरचाच आहे, त्याच काळातला इंग्रज कवी. त्याच्या कँटरबरी टेल्सच्या सुरुवातीला रीव्ह नावाचं पात्र येतं, इस्टेटीचा कारभारी, तरुणपणी सुतारकाम शिकलेला. त्याच्याबद्दल सांगताना चॉसर एकाच ओळीत दोन्ही शब्द वापरतो, चांगला राइट, कार्पेंटर. बरं हा चॉसर १३८९ ते १३९१ राजाच्या बांधकामांवर अधिकारी होता, सुतार-गवंडी लोकांशी त्याचा कामाचा संबंध होता, हवेत लिहीत नव्हता. फक्त उच्चार "राइट" असा घेऊ नका, तेव्हा व आणि ख दोन्ही बोलले जायचे, "व्रिख्त" च्या जवळपास. स्कॉटलंडमधे सुताराला राइट म्हणणं नंतरही बराच काळ चालू होतं.

प्रतिसाद ३
राइट बंधू सुतार नव्हते, सायकलवाले होते 😀 एवढंच बोलून जातो.

धागाकर्ता
वा, दोघांचे मनापासून आभार, तिसऱ्यांचे पण. अजून एक शंका, जॉइनर कोण मग? भाची म्हणते इंग्लंडात आजही घरात दारं बसवायला येतो तो जॉइनर.

प्रतिसाद १
घराचा सांगाडा आणि छप्पर उभं करणारा कार्पेंटर, आणि दारं, पेट्या, बाकं असं सांध्यांचं बारीक काम करणारा जॉइनर, ढोबळमानाने असं. पुढे दोघांत कुणी काय करायचं यावरून इतकी जुंपली की १६३२ मधे लंडनच्या नगराधिकाऱ्यांना कामं वाटून द्यावी लागली, खिळे ठोकून करायचं ते कार्पेंटरचं आणि खाच-कुसू किंवा सरस लावून करायचं ते जॉइनरचं. तुमच्या गोष्टीत हे भांडण आणू नका, सव्वादोनशे वर्षं पुढचं आहे. तसंच नाटककाराला प्लेराइट म्हणणंही सतराव्या शतकातलं.

प्रतिसाद ४
प्लेराइटवरून आठवलं, आपला सुतार हा शब्द संस्कृत सूत्रधारवरून आलाय. सूत धरून रेघ मारणारा. आणि सूत्रधार नाटकातही असतोच की! इकडे नाटक घडवणारा राइट, तिकडे नाटक चालवणारा सुतार, एकमेकांना न विचारता. त्यामुळे सुतार लिहायला लाजू नका. विदर्भातले असाल तर वाढई लिहा.

धागाकर्ता
विदर्भातला नाही हो, चिपळूणकडचा. पण बलुत्याचं काय करू? हा माणूस राजाचा पगारी नोकर आहे, गावाचं देणं नाही त्याला.

प्रतिसाद ५
चिपळूणचे आहात आणि हा प्रश्न विचारताय? मेस्त्री म्हणा की! आमच्या गोव्यात सुताराला मेस्तच म्हणतात, पोर्तुगीज "मेस्त्र" वरून, आणि तो शब्द आणि इंग्रजी मास्टर दोन्ही एकाच लॅटिन "मागिस्तेर" चे. हरलँड मास्टर कार्पेंटर होता ना? मग मेस्त्री म्हणजे तो पदवीसकट मराठीत आला.

धागाकर्ता
हे भारीच, आणि अगदी घरातलं असून सुचलं नव्हतं!! लहानपणी आमच्या जुन्या घराचं छप्पर उतरवून परत चढवलं तेव्हा सुतारकाकांनी प्रत्येक वाशाच्या टोकाला पटाशीने खुणा कोरल्या होत्या, एक रेघ, दोन रेघा, फुली, आणि मी मधे मधे लुडबुड करत एक वासा दुसऱ्याच ढिगात नेऊन ठेवला तर जी बोलणी खाल्ली ती अजून आठवतात. वेस्टमिन्स्टरचं छप्पर पण आधी लंडनबाहेर फार्नम गावाजवळ जमिनीवर जुळवलं, मग सुटं करून गाड्यांवरून आणि नदीतून बार्जवर लादून आणलं, आणि तिकडचे सुतार जोडकामाच्या लाकडावर रोमन आकड्यांच्या खुणा करायचे. तर आता पहिलं पान बदललंय. निवेदनात "सुतार", हरलँडला सगळे "मेस्त्री" म्हणतात, आणि पोरगा नावापुढे व्रिख्त लावतो कारण बाप तेच लावायचा. सुरुवात अशी केलीये: "मेस्त्री, सातवी तुळई सापडत नाही."