एक्स्टेन्शन फंक्शन बंद केली की परक्याची स्टाइलशीट बिनधास्त चालवायची?

निवांत_नोड: ग्राहकाची एक्सएसएलटी (एक्सएमएलचं रूपांतर सांगणारी स्टाइलशीट) आपल्या सर्व्हरवर चालवायची तर सॅक्सनमध्ये, म्हणजे ती चालवणाऱ्या जावा प्रोसेसरमध्ये, ‘अलाव एक्स्टर्नल फंक्शन्स’ (बाहेरचा कोड बोलवणारी एक्स्टेन्शन फंक्शन चालू द्यायचा स्विच) फॉल्स करा आणि मोकळे व्हा. सॅक्सनची फुकट आवृत्ती एचई असेल तर तेवढंही नको, थेट जावा मेथड बोलवायची सोय त्यात नाहीच.

तिरकस: मोकळे व्हा म्हणे! त्या स्विचने जावा कॉल थांबतात, रिझल्ट-डॉक्युमेंटने फाइल लिहिणंही थांबतं. वाचणं कोण थांबवणार? फाइल वाचणारी डॉक() आणि अनपार्स्ड-टेक्स्ट() एक्स्टेन्शन नाहीत, भाषेच्या स्पेकमधलीच (अधिकृत व्याख्येतलीच) आहेत. सर्व्हरच्या वापरकर्त्यांची यादी असलेली एट्सीमधली पासडब्ल्यूडी फाइल एचईतूनही आउटपुटमध्ये येते. सॅक्सन १० पर्यंत तर डॉक()ला यूआरआय-रिझॉल्व्हर (कुठला पत्ता उघडू द्यायचा ते ठरवणारा कोड), अनपार्स्ड-टेक्स्टला दुसरा, अनेक फाइली एकदम वाचणाऱ्या कलेक्शन()ला आणखी वेगळा फाइंडर. लोक पहिला लावतात आणि हात झटकतात.

निवांत_नोड: फाइल वाचणं हा वेगळा विषय. जेएएक्सपीचं (जावाच्या एक्सएमएल इंटरफेसचं) सिक्युअर प्रोसेसिंग लावा, एवढा आरडाओरडा कशाला?

तिरकस: झेलान या दुसऱ्या जावा प्रोसेसरमध्ये तेच सिक्युअर प्रोसेसिंग गळकं निघालं होतं, २०१४ साली २.७.२ मध्ये बुजवलं. २०२२ ला त्याच्याच एक्सएसएलटीसीत (स्टाइलशीटचा जावा बाइटकोड बनवणाऱ्या भागात) कॉन्स्टंट पूलचा (बाइटकोडमधल्या स्थिर मूल्यांच्या यादीचा) आकडा १६ बिटांत मावेना, आणि नुसत्या स्टाइलशीटमधून हवा तो बाइटकोड चालवता येऊ लागला. तिथे एकही एक्स्टेन्शन फंक्शन लागत नव्हतं.

पीएचपी_पंत: जावावाल्यांचं चालू द्या. आमच्याकडे ट्युटोरियलवाले स्टाइलशीटला पीएचपी फंक्शन बोलवू देणारं रजिस्टर-पीएचपी-फंक्शन्स() रिकाम्या कंसाने लिहून देतात, म्हणजे तिला सर्व्हरवर कमांड चालवणारं सिस्टम()सुद्धा मोकळं! हे कधी सुधारणार?

निवांत_नोड: नावांची यादी देता येते की.

पीएचपी_पंत: देता येते. मग तीत फाइल वाचणारं फाइल-गेट-कंटेंट्स घालतात. यादी नाव तपासते, आर्ग्युमेंट (कुठली फाइल वाचायची ते) नाही, ते स्टाइलशीटच ठरवते. स्टाइलशीटला काय बंद ते ठरवणाऱ्या सेट-सिक्युरिटी-प्रेफ्सचा डिफॉल्ट ४४, त्यात फक्त लिहिणं आणि डिरेक्टरी बनवणं बंद. वाचणंही बंद करायला ६२ द्यावं लागतं. आणि ६२ दिलं तरी पीएचपी फंक्शनच्या आत ते लागू नाही, पीएचपीत स्टाइलशीट चालवणाऱ्या लिबएक्सएसएलटी लायब्ररीचा तिथे संबंधच संपतो.

तिरकस: विषय सॅक्सनचा होता, पंत.

पीएचपी_पंत: विषय परक्या स्टाइलशीटचा होता. शीर्षक वाचा.

निवांत_नोड: बरं बाबा, स्विच पुरत नाही. पण तुमच्या तिन्ही रिझॉल्व्हरांनी स्वतःलाच हाका मारत बसणारं टेम्प्लेट थांबतं का?

तिरकस: नाही थांबत. त्याला वेगळी प्रोसेस, मेमरीला मर्यादा, नेटवर्क बंद आणि घड्याळ लावून किल. त्याच प्रोसेसमध्ये डेटाबेसचा पासवर्ड एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवू नका, तो वाचणारं एन्व्हायर्नमेंट-व्हेरिएबल() पण स्पेकमध्येच आहे.