प्रति: पहिलं पाऊल कोणाचं?
"देव वाट बघतो, पण पहिलं पाऊल आपणच टाकायचं" हे म्हणणं येशूच्या उधळ्या मुलाच्या दाखल्यातल्या, घर सोडून जाऊन स्वतःहून बापाकडे परतलेल्या धाकट्या मुलापुरतं ठीक आहे, पण बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या त्याच 15व्या अध्यायात हरवलेलं नाणंही आहे ना, ते बिचारं कसलं पाऊल टाकणार? त्याला आपण हरवलोय हेही कळत नाही, बाईच दिवा लावून घर झाडते आणि सापडेपर्यंत शोधत राहते, दहातलं एकच गेलं म्हणून सोडून देत नाही.

आणि त्या धाकट्याचा थोरला भाऊ तर सगळे विसरतात (मीही बरीच वर्षं त्याला नुसता कुरकुऱ्या समजत होतो). तो घर सोडून कुठेच गेलेला नाही, तरी धाकटा परतला म्हणून दिलेल्या मेजवानीवर रुसून बाहेर थांबतो, तेव्हा बापच भर मेजवानीतून उठून त्याची मनधरणी करायला येतो. पुढे तो आत गेला की नाही, ते लिहिलेलंच नाही.