ओमाहाला ओहोटीच्या वेळी जा

'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' या दुसऱ्या महायुद्धावरच्या सिनेमातला किनारा फ्रान्समधल्या नॉर्मंडीतलाच असं कुणीतरी लिहिलंय. ते चित्रीकरण आयर्लंडमध्ये, वेक्सफर्डच्या करक्लो किनाऱ्यावर झालं. आयरिश राखीव दलाचे जवानच त्यात सैनिक झाले होते.

पडद्यावर वाळूचा पट्टा पटकन संपतो. नॉर्मंडीतल्या खऱ्या ओमाहा किनाऱ्यावर मात्र ओहोटीला जाऊन पाण्याच्या कडेला उभं राहा आणि मागे वळून टेकड्यांकडे बघा. ६ जून १९४४ला सकाळी साडेसहाला, पाण्यातले अडथळे उघडे दिसावेत म्हणून ओहोटीलाच उतरवलेल्या त्या अमेरिकन पोरांना, भिजलेल्या ओझ्यासकट शेकडो मीटर उघडी वाळू ओलांडायची होती, समोरून जर्मन मशीनगन चालू असताना. ते अंतर चालताना माझ्या घशाला कोरड पडली होती.

वर टेकडीवर कोलव्हिलच्या अमेरिकन सैनिकांच्या दफनभूमीत नऊ हजारांहून जास्त कबरी आहेत. तिथे घाई करू नका, नावं वाचा.