अनुभव धागा : तुमच्या कंपनीत न्यायाने वागवतात का?

कामगार कल्याण म्हटलं की वर्धापनदिनाची भेटवस्तू नि सहलीचे फोटो पुढे येतात. मला इथे वेगळं ऐकायचंय. जादा तासांचे पैसे मिळतात का? तक्रार केल्यावर तुमच्याशी कसं वागले? चांगलं घडलं असेल तर तेही लिहा. कंपनीचं, माणसांचं नाव मात्र नको.

सुरुवात मी करते. मी पगार विभागात आहे. आमच्या पगारपत्रकावर पूर्वी फक्त हातात येणारी रक्कम असायची. मग मूळ वेतन, भत्ते, जादा तास, त्यांचा दर आणि प्रत्येक कपात वेगळी छापायला लागलो. लगेच अनेकांचे जादा तास कमी धरलेले सापडले आणि सगळ्यांना फरक मिळाला. पगाराचा तपशील कामगाराला कळवावा, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९४९ च्या वेतन संरक्षण करारातच आहे.

गोदामातला
आमच्याकडे आधी कार्ड पंच करून ‘सुटी’ दाखवायची, मग परत आत जाऊन माल उतरवायचा. कागदावर आठ तास. त्या संघटनेचा पहिलाच करार, १९१९ चा, कारखान्यांसाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांचा होता. हे अजून मागावं लागतं याचा संताप येतो.

प्रेस शॉप, ऑपरेटर
प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची बटणं असतात, म्हणजे साचा खाली येताना हात आत राहत नाही. आमच्या विभागात त्यातलं एक कायमचं दाबून बांधून ठेवायचे. सगळे म्हणत, कामगारच निष्काळजी. पण बोनस नगांवर होता. बटण नीट वापरलं की नग कमी, नग कमी की घरी पैसे कमी. एका सहकाऱ्याचं बोट थोडक्यात वाचलं, त्यानंतर मी तसं मशीन चालवायला नकार दिला. जिवाला तातडीचा धोका दिसला तर कामापासून दूर होणाऱ्याला त्रास देऊ नये, असं त्याच आंतरराष्ट्रीय संघटनेचा १९८१ चा सुरक्षा करार सांगतो. तेव्हा मला हे माहीत नव्हतं.

आमच्या सुपरवायझरनं मशीन बंद करून कुलूप लावलं, चावी फिटरकडे दिली. पुढे त्यांनीच वर भांडून नियम करून घेतला, की सुरक्षेसाठी मशीन थांबलं तर तेवढ्या वेळेचा बोनस सरासरीनं मिळेल. त्यानंतर बटण बांधलेलं मी पाहिलं नाही. पोस्टर तर भिंतीवर आधीपासून होतीच.

हिशेबनीस, एका बाळाची आई
प्रसूती रजेवरून आले तर मूल्यमापनात खालची श्रेणी. कारण काय, तर ‘वर्षभर हजेरी नव्हती’. त्याच संघटनेच्या २००० च्या मातृत्व संरक्षण करारात किमान १४ आठवडे रजा आहे, त्याच किंवा तोडीच्या पदावर त्याच पगारानं परतायचा हक्कही आहे. मी लेखी हरकत घेतली. श्रेणी बदलली, पण साहेब बोलायचे थांबले. दुसऱ्या कंपनीत दूध काढायला आतून कडी लागणारी खोली मिळाली. त्या कडीचं मोल बायकांना विचारा.

कंत्राटी कामगार
मशीन तेच, पाळी तीच. कायमवाल्यांना सेफ्टी शूज, आम्हाला घरच्या चपला. आजारी पडलं की त्या दिवसाची मजुरी गेली. विचारलं तर कंत्राटदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी कंत्राटदाराकडे. कुणाकडे जायचं?

मनुष्यबळ विभागातून
दादा, कंपनीकडेच जा, आणि लेखी द्या. काम तिच्या छताखाली चालतं, अंगावरची सुरक्षासाधनं तिनंच द्यायला हवीत. आम्ही करारात एक अट टाकली आहे. माणसांच्या खात्यात मजुरी जमा झाल्याचा पुरावा आल्याशिवाय कंत्राटदाराचं बिल निघत नाही. दोनदा बिल अडवलं, तेव्हापासून मजुरी वेळेवर होते. आजारपणाच्या पगाराचं मात्र आम्हालाही अजून जमलेलं नाही. कुणाकडे ते नीट चालत असेल तर इथे लिहा, मला व्यवस्थापनापुढे ठेवायचं आहे.