दुर्मिळ कॅन्सर निघाला तर थेट मुंबई गाठावी का?

खानापूरकर:
मावशीची पिशवी 'गाठी आहेत' म्हणून दुर्बिणीतून काढली, तीही आतल्या आत तुकडे करून. नंतर रिपोर्ट आला, लायोमायोसार्कोमा. गर्भाशयाच्या स्नायूचा कॅन्सर. असे तुकडे केले की लपलेला कॅन्सर पोटात पसरू शकतो, हे अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) २०१४ सालीच बजावलं होतं. गाठींसाठी ऑपरेशन होणाऱ्या ३५० बायकांत साधारण एकीला सार्कोमा, म्हणजे असाच लपलेला कॅन्सर, निघतो, हा त्यांचा तेव्हाचा अंदाज. योनिमुख, गर्भनलिका, सार्कोमा, असलं काहीही निघालं तर इथं वेळ घालवू नका, सरळ परळ गाठा, टाटा हॉस्पिटल.

निपाणीची सून:
'सरळ परळ' लिहायला सोपं आहे, दादा. माझ्या जावेला द्राक्षगर्भ होता, म्हणजे गर्भाऐवजी पिशवीत द्राक्षांसारखे फोड. पिशवी साफ केल्यावर दर आठवड्याला बीटा एचसीजी, गरोदरपणाच्या हार्मोनची रक्ततपासणी. आकडा उतरायचा सोडून चढायला लागला, त्यात खोकला आणि छातीत डाग. घरचे म्हणाले टीबी. पण द्राक्षगर्भाचाच कॅन्सर झाला होता. डॉक्टरांनी धोक्याचा स्कोअर मांडला, ४ आला. ६ पर्यंत कमी धोका. मिथोट्रेक्सेट, म्हणजे केमोचं औषध, मिरजेत झालं, आकडा नॉर्मल आल्यावरही पुढचे डोस चुकवले नाहीत. या गटातल्या जवळजवळ सगळ्या बऱ्या होतात. पसरलेला कॅन्सर नुसत्या औषधानं बरा होतो हे १९५६ साली याच रोगात दिसलं. दर आठवड्याला हुबळी-दादर पकडायची असती तर तिनं तिसऱ्या डोसालाच हात टेकले असते.

खानापूरकर:
तुमच्याकडं रोगाचं नाव पहिल्यांदाच बरोबर लागलं, वहिनी. आमच्याकडं ऑपरेशन झाल्यावर कळलं.

टिळकवाडी:
लॅबमध्ये काम करते म्हणून बोलते. तुमचं भांडण गाडीच्या तिकिटावरून चाललंय. मावशीनं कशाला जायला हवं? ब्लॉक जाऊ दे. मेणाचा ठोकळा असतो, अंगठ्याच्या पेराएवढा, त्यात तिची गाठ आहे. तो आणि स्लाइडी मागून घ्या, मोठ्या केंद्रात पुन्हा वाचून घ्या, मग केमो कुठं घ्यायची ते ठरवा.

पण वहिनींच्या जावेच्या रोगात ब्लॉकची वाट बघायची नसते. तिथं एचसीजीवरच औषध सुरू होतं. तुकडा काढायला गेलं तर रक्त आवरत नाही. उलट अंडाशयाची ग्रॅन्युलोसा गाठ, तोही एक कॅन्सरच, दहा-पंधरा वर्षांनीही परत उठते, तिची फाइल रद्दीत घालू नका. आणि कोवळ्या पोरीला डिसजर्मिनोमा (अंडाशयाचाच एक कॅन्सर) निघाला तर 'सगळंच काढून टाका' म्हणू नका. बहुतेक वेळा पिशवी आणि दुसरं अंडाशय राखता येतं.

खानापूरकर:
ब्लॉक देतात कुठं? आम्हाला रिपोर्टची झेरॉक्स दिली, तीही दोन चकरा मारल्यावर.

टिळकवाडी:
तोंडी मागितलं असेल. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. कन्नडमध्ये लिहिलात तर कारकून लवकर उठतो, अनुभव आहे.

निपाणीची सून:
खर्चाचंही बघा. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना, म्हणजे मोफत उपचारांची सरकारी योजना, जाहीर केली, त्यावरून दोन्ही सरकारांत जुंपलीही. मावशीचं गाव यादीत आहे का? मिरजेला निघायच्या आधी फोन करून विचारा, तिथं काउंटरवर उभं राहून नको.

खानापूरकर:
गाव यादीत असावं. सोमवारी अर्ज टाकतो. पण सार्कोमाला मी अजूनही परळच म्हणेन.